पांढरं झालेलं मोरचूद

धारच्या आमच्या घरात विषाच्या बरणीवर नाव लिहिलेलं नव्हतं. कोणाला लिहावंसं वाटलंच नव्हतं, कारण ते निळं होतं आणि स्वयंपाकघरात निळं असं खाण्याचं काहीच नसतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला जिन्याखालचा कोनाडा दाखवला. "हे तुझ्या मामंजींचं मोरचूद. निळं दिसलं की हात लावायचा नाही, बस." तेवढ्या एका नियमावर ते घर कित्येक वर्षं सुखरूप चाललं. मग एका रविवारी मी, त्या घरातली रसायनशास्त्र शिकलेली एकुलती एक शहाणी, त्या विषाचा निळा रंग काढून टाकायची युक्ती शिकवून आले.

हे मी मराठीत लिहिते आहे त्यालाही कारण आहे आणि ते फारसं अभिमानाचं नाही. नवऱ्याचं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी बोलतो झकास, पण दोन पानं वाचायची म्हटली की चष्मा शोधायला जातो तो परत येत नाही. मुलीला अक्षरं ओळखीची वाटतात आणि वाक्य कळत नाही. सासूबाईंना आता वाचवत नाही. राहता राहिले मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना सगळं माहीतच आहे.

मी सोनकच्छच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि देवासला राहते. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले, त्यामुळे आमचं मराठी कॉलनीतलं, अर्धं हिंदी. सासरचं घर मात्र संस्थानच्या काळात चाकरीला आलेल्यांचं. तिथे अजून सासऱ्यांना मामंजीच म्हणतात आणि 'पप्पाजी' म्हणणाऱ्या सुनेकडे जरा वाकड्या नजरेनं बघतात. मामंजी संस्कृतचे निवृत्त शिक्षक. सकाळी गल्लीतल्या देवळात पूजा करायची आणि बाकीचा दिवस पोथ्यांत घालवायचा. सुटलेल्या, फाटलेल्या, कसर लागलेल्या पोथ्या लोक त्यांच्याकडे आणून टाकत आणि चातुर्मास लागायच्या आत त्या दुरुस्त होऊन घरोघर गेल्याच पाहिजेत, असा त्यांचा शिरस्ता. मैद्याची खळ शिजवायची आणि तिच्यात मोरचूद विरघळवायचं, म्हणजे त्या खळीनं चिकटवलेल्या कागदाला कसर आणि वाळवी तोंड लावत नाही. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. घरात मोरचूद असायचं ते एवढ्यासाठी.

त्या रविवारी आषाढातली झड लागली होती. नवरा मुलीला घेऊन बाजारात गेला होता आणि सासूबाई दुपारच्या भजनाला देवळात. मामंजी पोथ्यांच्या कपाटासमोर बसून ओलीनं चिकटलेली पानं एकेक करून विलग करत होते. कपाटाची मागची भिंत पाझरायची. वैतागून म्हणाले, "काय उपयोग सूनबाई, खळीत विष घालून? किडा खात नाही ते ओल खाते."

तिथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कोणी अडचण सांगितली की नुसतं 'हं' म्हणून सोडून देणं मला जमतच नाही. मी म्हटलं, मामंजी, तुमच्या मोरचुदालाच ओल प्यायला लावू या की.

सासूबाईंचा एक मोडक्या कानाचा तवा मागच्या दारी पडला होता. तो मी घासून आणला, गॅसवर ठेवला आणि त्यावर मूठभर निळे खडे टाकले. मामंजी ओट्याशी उभे. खडे आधी तडतडले. मग कडेनं फिकट व्हायला लागले, आकाशी झाले, मग राखेसारखे आणि हळूहळू तव्यावर नुसती पांढरी भुकटी उरली. वर धरलेल्या ताटलीला पाण्याचे थेंब लटकले होते. मामंजींनी त्यातला एक बोटावर घेऊन निरखला.

"हे पाणी कुठे होतं? खडा तर कोरडा होता."

मग मी वर्गात सांगते तसं सांगितलं. खडा कोरडा दिसतो, पण पाण्यावरच उभा असतो. ठरलेल्या मापाचं पाणी त्याच्या अंगात बसलेलं असतं, त्याला स्फटिकजल म्हणतात. आकार त्याचा, रंगही त्याचाच. आच लागली की ते एकदम जात नाही, टप्प्याटप्प्यानं जातं. पहिलं पाणी सहज सुटतं आणि शेवटचं हट्टी असतं, त्याला जास्त आच लागते. ते गेलं की रंग गेला. ही सगळी एकाच कुळातली मिठं आहेत, सल्फेटं. तुरटी आधी स्वतःच्याच पाण्यात वितळते, मग उकळून फुगते आणि लाही होते. हिरवं हिराकस पांढरट पडतं. मूर्तीसाठी जे प्लॅस्टर असतं ते पाणी घालवलेलं जिप्समच असतं, म्हणून तर पाणी घातलं की दगडासारखं धरतं. पाणी गेलेलं मीठ पाण्यासाठी टपलेलं असतं, मिळेल तिथून ओढून घेतं.

मी भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाकला. चर्र झालं आणि तेवढाच ठिपका गडद निळा झाला. मामंजी हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः बोट बुडवून आणखी एक थेंब टाकला, मग आणखी एक.

"कपाटात पुरचुंड्या ठेवा," मी म्हटलं. "ओल पिऊन निळ्या झाल्या की परत तव्यावर टाकायच्या. अगदी आईंच्या तुरटीच्या लाहीसारखंच आहे."

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा.

"आणि जास्त तापवलं तर?"

"तर काळं पडेल आणि नाक जाळणारा आम्लाचा धूर निघेल. पण त्याला भट्टी लागते, तव्यानं होत नाही. काही भीती नाही."

भीती कशाची असते ते मी त्यांना अगदी बरोबर समजावलं होतं. धुराची. ते विष आहे हे सांगायची गरजच नव्हती, ते त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. निघताना एवढंच बजावलं की उरलेली भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि गॅसजवळच्या फळीवर ठेवा, तिथे ऊब असते. जिन्याखाली ओल आहे, चार दिवसांत निळी पडेल. आणि ते म्हणाले, "हिला नको सांगू. देवाचा नैवेद्य होतो त्या गॅसवर मोरचूद भाजलं म्हणाली तर घर डोक्यावर घेईल." आम्ही दोघं हसलो. एका दुपारी सासूबाईंचा डोळा चुकवून केलेली गंमत होती ती.

सासूबाईंची लाही त्याच फळीवर असायची. तुरटी बाग गावाहून यायची. तिथले छपाईवाले कापडाला रंग धरावा म्हणून तुरटी वापरतात आणि मामंजींचा एक जुना विद्यार्थी त्या कामात होता, तो येताना नारळाएवढा खडा घेऊन यायचा. सासूबाई तो फोडून तव्यावर फुलवायच्या, कुटायच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या. तोंड आलं, घसा धरला, हिरडी सुजली की चिमूटभर लाही मधातून. कॉफीच्या रिकाम्या बाटल्या घरात पुष्कळ होत्या आणि सगळ्या एकसारख्याच होत्या. मामंजींनीही त्यातलीच एक घेतली.

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन दिवाळीनंतर करू असं म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या होत्या. निळा रंग तर त्यांना दिसेनासाच झाला होता, निळं पातळ राखाडी समजून नेसायच्या आणि आम्ही त्यांना चिडवायचो. मी विज्ञान शिकवते. मोतीबिंदूत निळा रंग आधी जातो हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं ह्यात किती अंतर असतं ते मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

भाद्रपदात त्यांचं तोंड आलं. मी रोज सकाळी देवासहून सोनकच्छच्या बसमध्ये बसले की त्यांना फोन करते, ती सवय लग्नापासूनची. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "गालात आतून सोललंय गं. लाही चाटतेय मधातून. पुढची बाटली संपली होती, मागे एक भरलेली मिळाली. म्हटलं, बघ, मीच करून ठेवली आणि मीच विसरले." मी हसले. म्हटलं, वय झालं आई.

मागे एक भरलेली मिळाली. हे मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं खिडकी उघडली म्हणून तिच्याशी भांडत बसले.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की दोनदा उलटी झाली, पित्त वर आलंय, घसा फार जळतोय म्हणून लाही जरा जास्तच घेतली. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, "तोंडाला कशी चव आलीये सांगू? तांब्यात शिळं पाणी राहतं ना, तसली. थुंकी गिळली तरी तांब्याचीच चव लागते."

तांब्याची चव. कशानं ते मी स्वतःला विचारलं नाही. 'कोणती बाटली आई?' एवढे तीन शब्द विचारायचे होते. मी म्हटलं, "पित्तच असेल. लाही थांबवा दोन दिवस आणि ताक घ्या." लाही थांबवा असं मी का म्हटलं? आतून मला कळलं होतं म्हणूनच. पण ते कळलं आहे हे मी स्वतःला कळू दिलं नाही. सोनकच्छ आलं, मी उतरले आणि शाळेत जाऊन हजेरी घेतली.

दुसऱ्या तासाला मामंजींचा फोन आला. ते कधी शाळेच्या वेळात फोन करत नाहीत. मी वर्गाबाहेर आले.

"सूनबाई, हिच्या उलट्या थांबत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रंग हिरवट-निळा आहे. आणि..." जुन्या वळणाचा माणूस, सुनेशी बोलताना असे शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. "लघवी काळी झालीये म्हणते."

मी वर्गाचं दार ओढून घेतलं.

"फळीवरची बाटली बघितलीत?"

"बघितली."

"मग?"

"कमी झालीये."

मोरचूद हा शब्द त्यांनीही उच्चारला नाही आणि मीही नाही. पलीकडे सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं.

"लगेच दवाखान्यात न्या मामंजी. मी निघालेच."

"नेतो. डॉक्टरांना काय सांगू?"

आजवरच्या आयुष्यात मला कोणी विचारलेला सगळ्यात सोपा प्रश्न हा होता. उत्तर मला दोन भाषांत आणि रासायनिक सूत्रासकट येत होतं. मी म्हटलं, "मी येते, मग बोलू."

आणि त्यांनी ऐकलं. पुरचुंड्यांचं ऐकलं होतं, फळीचं ऐकलं होतं, तसंच हेही ऐकलं. सून शिकलेली आहे, तिला समजतं, असा त्यांचा विश्वास होता.

सोनकच्छहून देवास, देवासहून नवऱ्याच्या गाडीत इंदूर बायपास, बेटमा, घाटाबिल्लोद आणि मग धार. जवळजवळ तीन तास. त्या तीन तासांत फोन माझ्या हातात होता. देवासपर्यंत बसमध्ये मी एकटी होते, तेव्हाही बोलता आलं असतं. एकदा मेसेज लिहिला, 'डॉक्टरांना सांगा मोरचूद पोटात गेलंय', आणि पुसला. कशासाठी? लिहायला लाज वाटते, पण लिहितेच. मला पोलीस दिसत होते. विषाची केस म्हटली की पोलिसांत जाते, हे मला माहीत होतं. 'बहू ने सास को' अशी कुजबुज करणारी गल्ली दिसत होती. शाळेतल्या बाया दिसत होत्या. आणि स्वतःलाच समजावत होते की अजून कुठे नक्की आहे, मी जाऊन बाटली बघेन, तुरटीही असू शकते, तुरटीनंही उलट्या होतात. मी स्वतःला इतकं पटवत होते की मधे दहा-पंधरा मिनिटं मला ते खरंही वाटलं.

नवरा गाडी चालवत होता. म्हणाला, "आईचं नेहमीचंच आहे. काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल, प्रसादाचं वगैरे." मी मान डोलावली. बायपासवर ट्रकांची रांग लागली होती, आम्ही उभे होतो आणि मला डोळे मिटले की त्यांचं पोट दिसत होतं. पाणी काढून घेतलेलं ते मीठ तिथे आत आपलं पाणी परत घेत होतं. जिभेवरून, घशातून, आतड्याच्या अस्तरातून. टपलेलं असतं, मिळेल तिथून ओढून घेतं, असं मीच म्हटलं होतं. हे मी वर्गात दर वर्षी हसत हसत करून दाखवते आणि मुली टाळ्या वाजवतात.

त्या छोट्या दवाखान्यात सासूबाई सलाइन लावून पडल्या होत्या. ओठ काळपट, डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं. मला बघून म्हणाल्या, "आलीस? शाळा बुडाली तुझी." मामंजी पायाशी स्टुलावर बसले होते, हातात कापडी पिशवी. पिशवीत ती बाटली होती. त्यांनी बरोबर आणली होती आणि मी यायची वाट बघत मांडीवर धरून बसले होते.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट बिघडलंय आणि कावीळ असावी असं धरून औषध सुरू केलं होतं. त्याचा काय दोष? त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, कॉपर सल्फेट, पाणी काढलेलं, बहुधा तीन दिवसांपासून. त्याचं लिहिणं थांबलं.

"आपको कब पता चला?"

"अभी," मी म्हटलं. "स्वाद की बात से अंदाज़ा लगाया."

तो पळतच फोनकडे गेला. इंदूरला हलवायचं ठरलं, अँब्युलन्स बोलावली आणि तिच्याआधी पोलीस आले. एकच हवालदार होता, पोट सुटलेला, दमलेला, वाईट माणूस नव्हता. मामंजींना विचारायला लागला. ते उभे राहिले. शाळेत अधिकारी आल्यावर उभे राहतात तसे.

"भूना किसने?"

"मैंने."

"बाऊजी, ये सिखाया किसने आपको? तवे पे भूनना?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

"किसी ने नहीं," मामंजी म्हणाले. "अपने ही दिमाग से किया."

हवालदारानं लिहून घेतलं. आणि मग माझा नवरा, जो वडिलांपुढे कधी पाय पसरून बसला नव्हता, त्या व्हरांड्यात चारचौघांसमोर त्यांच्यावर ओरडला. "अक्कल होती का हो तुम्हाला? स्वयंपाकघरात? त्याच बाटलीत?" मामंजी पिशवीची घडी घालत राहिले. मी नवऱ्याचा दंड धरला आणि म्हटलं, "अहो, शांत व्हा, आत्ता ही वेळ नाही." समजूतदार सून. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मला माझीच किळस आली.

सासूबाई वाचल्या. रक्त आतल्या आत फुटलं होतं, त्याचा गाळ मूत्रपिंडात बसला. आधीच साखरेचा त्रास, त्यामुळे मूत्रपिंडं परत उभी राहिलीच नाहीत. इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना नवऱ्यानं विचारलं की अजून लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, "कह नहीं सकते. दो-तीन घंटे से फर्क पड़ता भी है, नहीं भी पड़ता." हे वाक्य मी दात घासताना ऐकते, फळ्यावर लिहिताना ऐकते. पड़ता भी है, नहीं भी. कोणीतरी एकच काहीतरी सांगावं असं मला फार वाटतं. पण त्यांना तरी ते कुठून सांगता येणार!

आता ती दोघं आमच्याकडे देवासला असतात. मामंजींनी पोथ्या सोडल्या. गल्लीतल्या लोकांनीच आपापल्या पोथ्या गोड बोलून परत नेल्या, 'तुम्ही आता आराम करा' म्हणून. नवरा त्यांच्याशी कामापुरतं बोलतो. सासूबाई त्यांना काही बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त त्यांच्या हातून काही घेत नाहीत. मामंजींनी पाण्याचा पेला पुढे केला की तो तिथेच ठेवायला सांगतात आणि मी आले की मला म्हणतात, "तू दे." पन्नास वर्षांचा संसार झाल्यावर. ते पेला ठेवतात आणि आपल्या खोलीत जातात.

एकदा मला हे सहन होईना. सासूबाई झोपल्या होत्या. मी गच्चीवर मामंजींसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आज मी सगळं सांगून टाकते. त्यांनाही आणि ह्यांनाही."

ते कपडे काढत होते दोरीवरून. एकेक चिमटा काढून डब्यात टाकत म्हणाले, "सांगून तुला मोकळं वाटेल. मग हिनं जेवायचं कोणाच्या हातचं?"

मी दोरीवरची चादर ओढून घडी घालायला लागले. ते पुढे म्हणाले, "माझ्यावरचा विश्वास गेला. तुझ्यावरचाही गेला तर ती पाणी प्यायची नाही, सूनबाई. तिला एक हात तरी राहू दे." आणि कपड्यांची चळत घेऊन खाली गेले. ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यात राग नव्हता, आणि क्षमा होती असंही मला वाटत नाही.

आठवड्यातून दोनदा मी सासूबाईंना इंदूरला डायलिसिसला नेते. शाळेनं सवलत दिली आहे, सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. मामंजी बरोबर येतात आणि दाराबाहेरच्या बाकावर बसतात. त्या वॉर्डात चार-चार तास पडून राहायचं असतं, त्यामुळे शेजारच्या खाटेशी ओळखी होतात. मागच्या आठवड्यात शेजारी नवीन बाई आली होती, बदनावरकडची, शेतकरी घरातली. तिनं विचारलं की तुम्हाला कशानं झालं. सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं. यजमानांनी वेड्यासारखं औषध भाजून ठेवलं, मी ते लाही समजून खाल्लं, डॉक्टरलाही पत्ता नव्हता. "पण माझी ही सून विज्ञानाची टीचर आहे. हिनं नुसत्या चवीवरून ओळखलं. हिच्यामुळे मी आज जिवंत आहे. पोटची मुलगी करणार नाही एवढं करते."

"असी बहू तो भाग से मिले," ती बाई म्हणाली आणि कुशीवर वळून माझ्याकडे नीट बघायला लागली. "पर बेटा, तूने पहचाना कैसे?"

"सांग ना गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "छान समजावून सांगते ही."

दार अर्धं उघडं होतं. बाकावर मामंजींचा खांदा दिसत होता.

मी सांगितलं. मिठाच्या खड्यात पाणी कसं असतं, तापवलं की ते कसं टप्प्याटप्प्यानं जातं, रंग कसा उतरतो, पांढरं झालेलं विष तुरटीच्या लाहीसारखं कसं दिसतं आणि ओल लागली की परत निळं कसं होतं. सोप्या हिंदीत, एकही पायरी न गाळता. ती बाई 'हां, हां' करत ऐकत होती. कोणी शिकवलं हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सासूबाई समाधानानं हसल्या. त्यांना माझा हात हातात घ्यायचा होता, पण नर्सनं सुया टोचलेला हात हलवायला मनाई केली होती. म्हणून त्यांनी दुसरा हात अंगावरून आणून माझा हात धरला आणि मशीन थांबेपर्यंत सोडला नाही.